संगणकात भाषा बसवू या आणि नीट सांभाळू या



विहिरीवर मोटर नुसती आणून ठेवली म्हणजे शेताला पाणी मिळत नाही. ती ओट्यावर घट्ट बसवावी लागते, स्टार्टर जोडावा लागतो, पाइप आवळावा लागतो. बसवून झाल्यावरही तिची निगा राखावी लागते. संगणकाचंही तसंच आहे. नवा संगणक घरी किंवा शाळेत आला, की लगेच त्यावर आपली आज्ञावली लिहिता येते असं नाही. आधी त्यात एखादी संगणकभाषा बसवावी लागते.

आज आपण पायथन नावाची भाषा संगणकात कशी बसवायची आणि बसवल्यावर कशी सांभाळायची, ते पाहू. बसवणं पंधरा मिनिटांचं काम आहे. सांभाळणं हे वर्षभराचं काम आहे आणि खरी मेख तिथंच आहे. शाळेत संगणक एक असतो आणि त्यावर काम करणारे हात अनेक. एकानं घाईत केलेल्या बदलामुळे दुसऱ्याचं महिनाभराचं काम बंद पडू शकतं.

१. संगणकाला भाषा कशाला लागते?

संगणकाच्या आत प्रोसेसर नावाचा भाग असतो. त्याला फक्त शून्य आणि एक यांच्या रूपातल्या सूचना कळतात. आपल्याला तशा सूचना लिहिणं फार अवघड. म्हणून माणसांनी मधल्या भाषा तयार केल्या. फोरट्रान ही भाषा १९५७ साली आली, बेसिक १९६४ साली आणि सी १९७२ च्या सुमारास. आपण या भाषेत लिहायचं आणि एका दुभाष्यानं ते प्रोसेसरला कळेल असं करायचं. "संगणकात भाषा बसवणे" म्हणजे हा दुभाषी आणि त्याचं सगळं सामान संगणकात नीट जागेवर ठेवणे.

दुभाषी दोन तऱ्हांचे असतात. एक सगळं पत्र आधी भाषांतर करून हातात देतो. त्याला कंपायलर म्हणतात. दुसरा शेजारी उभा राहून एकेक वाक्य समजावत जातो. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. पायथन आधी आपला मजकूर स्वतःच्या सोयीच्या खुणांमध्ये उतरवून घेते आणि मग एकेक खूण वाचून काम करते. म्हणून आपण एक ओळ लिहिली की लगेच उत्तर दिसतं. शिकणाऱ्याला हे सोयीचं पडतं.

पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी तयार केली. नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम शहरात ते एका संशोधन संस्थेत होते. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी काम सुरू केलं आणि १९९१ साली भाषा लोकांपुढे आली. पायथन म्हणजे अजगर, पण या नावाचा अजगराशी संबंध नाही. बीबीसीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाच्या नावावरून ते घेतलेलं आहे. ही भाषा फुकट आहे. पालकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. पायथन बसवून देण्यासाठी कोणी भाषेची किंमत म्हणून पैसे मागत असेल, तर ते देण्याचं कारण नाही.

२. पूर्वी बसवावी लागत नसे

भारत सरकारनं १९८४ साली शाळांत संगणक शिकवण्यासाठी 'क्लास' नावाची योजना सुरू केली. त्या योजनेत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक वापरले होते. त्यांच्यात बेसिक ही भाषा कारखान्यातच एका चिपमध्ये भरलेली असे. बटण दाबलं की भाषा हजर! चिपमधली भाषा कोणाला पुसता येत नसे, तशी ती सहज बदलताही येत नसे.

आताच्या संगणकात तसं नाही. विंडोज असलेल्या संगणकात पायथन आधीपासून नसते. ती आपण आणून बसवायची, नवी आली की बदलायची आणि नको असेल तेव्हा काढायची. मोकळीक वाढली, तशी जबाबदारीही वाढली.

३. बसवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा

पहिली गोष्ट, संगणक कोणता आहे? पायथनची ३.९ ही आवृत्ती २०२० साली आली. तेव्हापासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. कुणी देणगी दिलेला जुना संगणक असेल, तर हे आधी तपासावं. नाहीतर तासभर फाइल उतरवून घेतली आणि ती बसतच नाही, असं होतं.

दुसरी गोष्ट, भाषा कुठून आणायची? शेतकरी बियाणं घेताना पिशवीवरची चिठ्ठी पाहतो, पावती घेतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून सुटं बी घेत नाही. इथंही तसंच. पायथनची मूळ जागा एकच आहे, ती म्हणजे पायथन डॉट ऑर्ग. दुसरीकडून कुणी पाठवलेली फाइल बसवू नये. त्यात भाषेबरोबर आणखी काय येईल, सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट, इंटरनेट किती लागेल? बसवण्याची फाइल पंचवीस-तीस एमबीच्या आसपास असते. ती एकदाच उतरवावी लागते. मग पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकातही नेता येते. एकदा बसली की पायथन चालायला इंटरनेट लागत नाही. रेंज नसलेल्या वाडीवरसुद्धा ती चालते.

४. प्रत्यक्ष बसवणे

खाली आज्ञा आपल्या लिपीत दिल्या आहेत. कळफलकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. स्पेलिंग गुरुजींना किंवा बाईंना विचारून वहीत लिहून घ्या.

(अ) उतरवलेल्या फाइलवर दोनदा टिचकी मारा. एक खिडकी उघडेल.
(आ) घाई करू नका! खिडकीच्या तळाशी दोन छोटे चौकोन दिसतील. त्यांतला एक "पायथन पाथमध्ये घाला" अशा अर्थाचा आहे. तो मुळात रिकामा असतो. त्यात बरोबरची खूण करा. पुष्कळ जण ही खूण विसरतात आणि मग "पायथन सापडत नाही" म्हणून कपाळाला हात लावतात.
(इ) "इन्स्टॉल नाऊ" यावर टिचकी मारा आणि काम पूर्ण होईपर्यंत थांबा.
(ई) आता तपासणी. विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी ही तीन अक्षरे टाइप करून काळी खिडकी उघडा. तिच्यात पायथन हा शब्द, मग मोकळी जागा, मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून व्हर्जन हा शब्द लिहा. एंटर दाबा. पायथन आपलं नाव आणि आवृत्तीचा क्रमांक सांगेल.

पायथन बसवलेली नसताना नुसतं पायथन असं लिहिलं, तर विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडतं. काही बिघडलं असं समजू नका. भाषा अजून बसलेली नाही किंवा पाथमध्ये नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२०२५ सालापासून विंडोजसाठी पायथन इन्स्टॉल मॅनेजर नावाचा एक वेगळा कारभारीही मूळ जागेवर मिळतो. तो एकदा बसवला, की हवी ती आवृत्ती आणणं आणि नको ती काढणं एका आज्ञेत होतं. दोन्ही रीती चालतात. कोणती वापरली, तेवढं मात्र लिहून ठेवा.

५. हाक एक, ओ कोणाची?

पाथ म्हणजे काय, ते आता पाहू. ती फोल्डरांच्या पत्त्यांची यादी असते. आपण काळ्या खिडकीत पायथन असं लिहिलं, की विंडोज आधी आपण ज्या फोल्डरात आहोत तिथं पाहते. मग यादीतल्या फोल्डरांत एकामागून एक पाहत जाते. त्या नावाची फाइल जिथं पहिल्यांदा सापडेल, तीच चालू होते. त्यापुढचं ती पाहत नाही.

गावात एकाच नावाची दोन माणसं असतात. वरच्या आळीपासून हाक मारत निघालं, तर वरच्या आळीतला ओ देतो आणि खालच्या आळीतल्याला कळतही नाही. संगणकात दोन पायथन असल्या, की अगदी असंच घडतं. काल नवी आवृत्ती बसवली आणि आज संगणक जुनीच सांगतो, तर तो खोटं बोलत नाही. यादीत जुनीचा पत्ता वर असतो.

अशा वेळी व्हेअर हा शब्द लिहून पुढे पायथन लिहावं. जेवढ्या पायथन यादीत आहेत, त्यांचे पत्ते क्रमानं दिसतात. सगळ्यात वरची ती ओ देणारी. विंडोजवर पी आणि वाय या दोन अक्षरांची एक छोटी आज्ञाही मिळते. तिच्यापुढे आडवी रेघ देऊन आवृत्ती लिहिली, की नेमकी तीच आवृत्ती चालू होते. म्हणजे नुसत्या नावानं हाक न मारता आळीसकट हाक मारल्यासारखं झालं.

६. आवृत्तीचा क्रमांक कसा वाचायचा?

समजा, आवृत्ती ३.१३.२ आहे. पहिला आकडा मोठ्या बदलाचा. पायथन ३ ही २००८ च्या डिसेंबरात आली. ती पायथन २ पेक्षा इतकी वेगळी होती, की जुन्या आज्ञावल्या तशाच चालेनात. लोकांना बदलायला अकरा वर्षं दिली आणि १ जानेवारी २०२० पासून पायथन २ ची देखभाल थांबली. जुन्या पुस्तकात प्रिंट या शब्दानंतर कंस नसेल, तर ते पुस्तक पायथन २ चं आहे असं ओळखावं.

मधला आकडा वर्षाच्या आवृत्तीचा. २०२० पासून दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते. ३.१२ ही २०२३ साली, ३.१३ ही २०२४ साली आणि ३.१४ ही २०२५ साली आली. प्रत्येकीची देखभाल सुमारे पाच वर्षं होते. शेवटचा आकडा लहानसहान दुरुस्त्यांचा.

मधला आकडा बदलला, तर नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी वेगळी बसते. फक्त शेवटचा आकडा बदलला, तर ती जुनीच्या जागी बसते. शेवटच्या आकड्याच्या दुरुस्त्या बिनधास्त घ्याव्यात. मधला आकडा बदलताना मात्र आपली कामं नव्या आवृत्तीत चालतात का, ते आधी करून पाहावं.

७. पुरवण्या आणि त्यांची भांडणं

परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका पुरली नाही, तर आपण पुरवणी मागतो. पायथनलाही पुरवण्या असतात. आलेख काढण्याची वेगळी, तक्ते हाताळण्याची वेगळी. त्या आणून देणाऱ्या गड्याचं नाव पिप. तो पायपीआय नावाच्या मोठ्या भांडारातून पुरवणी आणतो.

इथं दोन सावधगिऱ्या घ्यायच्या. पहिली नावाची. या भांडारात कुणालाही पुरवणी ठेवता येते. २०१७ च्या सप्टेंबरात स्लोव्हाकिया देशाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयानं त्यात दहा बनावट पुरवण्या दाखवून दिल्या. त्यांची नावं खऱ्या पुरवण्यांसारखीच होती. युआरएललिब३ ही खरी पुरवणी, तर शेवटचा ३ गाळून युआरएललिब ही बनावट! बसवणाऱ्याचं आणि संगणकाचं नाव ती गुपचूप दुसरीकडे पाठवत असे. नंतर त्या सगळ्या काढून टाकल्या. आपण काय शिकायचं? पुरवणीचं नाव अक्षर अन् अक्षर तपासून लिहायचं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

दुसरी सावधगिरी आवृत्तीची. पांडाज नावाची तक्ते हाताळणारी पुरवणी आहे. तिच्यात तक्त्याला ओळ जोडण्यासाठी अपेंड ही आज्ञा होती. २०२३ च्या एप्रिलात पांडाजची २.० आवृत्ती आली आणि ती आज्ञा काढून टाकली. आता समजा, सहावीच्या मुलांनी जुनी पांडाज वापरून पावसाच्या नोंदींची आज्ञावली केली. रोज सकाळी ती पर्जन्यमापकाचा आकडा तक्त्यात जोडते. मग सातवीच्या मुलांनी आपल्या कामासाठी त्याच संगणकात नवी पांडाज आणली. जुनी गेली, नवी आली. दुसऱ्या दिवशी सहावीच्या आज्ञावलीनं चूक दाखवली आणि ती बंद पडली. सहावीनं काही चुकीचं लिहिलं नव्हतं. सातवीनंही वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. मग चुकलं कुठं? दोघांचं सामान एकाच पेटीत ठेवलं, तिथं चुकलं.

८. एका कामाला एक पेटी

यावर उपाय सोपा आहे. २०१२ साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून पायथनमध्येच तो दिलेला आहे. त्याचं नाव व्हीएन्व्ह. प्रत्येक कामासाठी वेगळी पेटी करायची आणि त्या कामाच्या पुरवण्या त्या पेटीतच ठेवायच्या.

(अ) आपल्या कामाच्या फोल्डरात जाऊन पायथन, आडवी रेघ एम, व्हीएन्व्ह आणि शेवटी पेटीचं नाव असं लिहा. प्रत्येक शब्दानंतर मोकळी जागा सोडा, पण रेघ आणि एम चिकटूनच लिहा. त्या नावाचा एक फोल्डर तयार होईल. हीच पेटी.
(आ) पेटीतल्या स्क्रिप्ट्स या फोल्डरात ॲक्टिव्हेट नावाची आज्ञा असते. ती चालवली, की ओळीच्या सुरुवातीला कंसात पेटीचं नाव दिसतं. म्हणजे पेटी उघडली.
(इ) आता पिपला जी पुरवणी मागाल, ती याच पेटीत येईल. दुसऱ्याच्या पेटीला धक्का लागणार नाही.
(ई) काम झालं की डीॲक्टिव्हेट असं लिहा. पेटी बंद.

अशा रीतीनं सहावीची जुनी पांडाज आणि सातवीची नवी पांडाज एकाच संगणकात सुखानं नांदतात. जुन्या पुरवणीला कधीकधी पायथनही जुनीच लागते. म्हणून दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची वेळ येते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोणती पेटी कोणत्या आवृत्तीवर केली, ते लिहिलेलं असलं म्हणजे झालं.

पेटी उचलून दुसऱ्या संगणकात नेऊ नका. तिच्यात या संगणकाचे पत्ते लिहिलेले असतात, ते तिकडे लागू पडत नाहीत. त्याऐवजी पेटीची यादी न्यावी. पिप फ्रीझ ही आज्ञा दिली, की पेटीतल्या सगळ्या पुरवण्यांची नावं आणि आवृत्त्या मिळतात. ती यादी एका फाइलीत ठेवावी. नव्या संगणकात नवी पेटी करून पिपला ती यादी दाखवली, की तो तेच सामान आणून देतो. लग्नघरी सगळं कपाट नेत नाहीत, वाणसामानाची यादी नेतात, तसंच हे.

९. काढायची कशी?

नको असलेली आवृत्ती काढताना तिचा फोल्डर नुसता पुसू नये. संगणकाच्या नोंदीत आणि पाथमध्ये तिचं नाव तसंच राहतं आणि पुढे गोंधळ होतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी असते. तिथून रीतसर काढावी. काढण्यापूर्वी विचारावं, की हिच्यावर कुणाची पेटी अवलंबून आहे का? पायथन काढली, तर तिच्यावर केलेल्या पेट्याही बंद पडतात. त्यांच्या याद्या आधी करून ठेवाव्यात.

ज्यांच्या संगणकात उबुंटू आहे, त्यांनी तर फारच जपावं. तिथं पायथन आधीपासून असते आणि उबुंटूची स्वतःची कामंसुद्धा तिच्यावर चालतात. ती काढली, तर ज्या फांदीवर बसलो तीच तोडल्यासारखं होईल. आपल्यासाठी वेगळी पेटी करावी आणि मूळ पायथनला हात लावू नये.

१०. संगणकाची नोंदवही

दवाखान्यात रोग्याचा कागद असतो, दुकानात खतावणी असते. तशी संगणकाशेजारी एक साधी शंभर पानी वही असावी. तिच्यात हे रकाने आखावेत:

तारीख, काय बसवलं, आवृत्ती, कुठून आणलं, कोणत्या कामासाठी, कोणी बसवलं, काढल्याची तारीख.

एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. न लिहिल्यास पुढच्या वर्षीच्या मुलांचे दोन दिवस जातात. आपण सातवी होऊन हायस्कुलात जाऊ, गुरुजींची बदली होईल, संगणक मात्र इथंच राहील. तो काय सांभाळून आहे, हे ही वहीच नंतरच्यांना सांगेल.

करून पाहा

पायथनबरोबर आयडल नावाची लिहिण्याची खिडकी येते. ती उघडा.

१. प्रिंट हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे कंसात, दुहेरी अवतरणचिन्हांत माझी शाळा असं मराठीत लिहा आणि एंटर दाबा. पायथन ३ ला देवनागरी कळते.
२. लेन ही आज्ञा देऊन कंसात, अवतरणचिन्हांत शाळा लिहा. आपण दोन अक्षरं मोजतो. पायथन चार सांगते. श, काना, ळ, काना असे चार भाग ती मोजते.
३. इंट ही आज्ञा देऊन कंसात, अवतरणचिन्हांत १२ हा आकडा मराठी अंकांत लिहा. पायथन तो बारा म्हणूनच वाचते. अवतरणचिन्हं काढून थेट मराठी अंक लिहिले, तर मात्र चूक दाखवते.

ध्यानात ठेवा

मूळ जागेवरूनच आणा. पाथची खूण विसरू नका. ओ कोण देतं, ते तपासा. एका कामाला एक पेटी करा. पेटीची यादी जपा. काढण्यापूर्वी विचारा. वहीत लिहा.

स्वाध्याय

१. कंपायलर आणि इंटरप्रिटर यांतला फरक दोन वाक्यांत सांगा.
२. संगणकात दोन पायथन असताना कोणती ओ देते आणि का?
३. सहावीची पावसाची आज्ञावली का बंद पडली? तुम्ही काय केलं असतं?
४. पेटी न नेता यादी का न्यावी?
५. पालकांसाठी: घरच्या संगणकात काय काय बसवलेलं आहे, ते मुलांना बरोबर बसवून विचारा आणि दोघं मिळून वहीचं पहिलं पान लिहा.